एकच कोंब

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाआधीची कामं उरकून घ्यायची घाई होती आणि मी चहा टाकायला आत गेले. दूध वर येतंय तोवर बाहेर कोयत्याचे तीन घाव ऐकू आले, आणि पाठोपाठ काहीतरी ओलं, जड, खाली आल्याचा आवाज. माडाचं सुकं चुडत पडतं तेव्हा खरखर वाजत येतं, वाटेत दोनदा अडकतं आणि मग जमिनीवर आपटतं. हा आवाज तसा नव्हता. पाण्याने भरलेली घागर मातीवर पडावी तसा तो बद्द वाजला. गॅस तसाच ठेवून मी बाहेर धावले. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या भेर्ली माडाचा शेंडा अंगणात आडवा पडला होता. वरची तीन कोवळी पानं, आणि त्यांच्या मधोमध अजून न उघडलेला, मुठीत मावेल एवढा पोपटी कोंब. पडवीच्या छपरावर उभा असलेला पोरगा कपाळावरचा घाम पुसत हसला. "छत पे झुक रहा था मॅडम, ऊपर से काट दिया. फुटेगा ना फिर से."

फुटेगा ना.

त्याला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही. तो झारखंडचा. आमच्या वाड्यावरचे पाडेली आता थकले. त्यांची मुलं पणजीला, वास्कोला नोकऱ्या करतात, आणि त्यांनी माडावर चढावं असं त्यांच्या आईबापांनाही वाटत नाही. म्हणून हा पोरगा आणि त्याचा चुलतभाऊ दीड-दोन महिन्यांनी येतात, नारळ पाडतात, सुकी चुडतं ओढून काढतात. त्याच्या गावाभोवती साल वृक्षांचं रान आहे असं त्याने मागे एकदा सांगितलं होतं. साल तोडला तर बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात, चार वर्षांत त्यांच्या काठ्या होतात. आमचा शेवगासुद्धा तसाच; दर वर्षी मुंडावा लागतो तेव्हा कुठे हाताला शेंग येते. झाड कापलं की फुटतं, हे त्याने जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मीच त्याला काही सांगितलं नव्हतं. छपरावर झुकलेलं काढ, एवढंच म्हणून मी आत गेले होते. मी त्याला चहा दिला, पैसे दिले, आणि रात्री मात्र झोप लागेना.

माड, पोफळ, ताड, शिंदी, भेर्ली माड. आपण पाम म्हणतो त्या कुळात जगभरात अडीच हजारांहून अधिक जाती आहेत, आणि ज्यांच्या खुर्च्या-टोपल्या करतात ते वेतसुद्धा त्यातलेच. यातल्या एकखोडी झाडांचं एक सारखं आहे. सगळी वाढ शेंड्यातल्या एका गाभ्यात. बाकी खोडावर कुठे डोळा नाही, फांदी नाही, राखीव असं काही नाही. तो गाभा जिवंत असेतो झाड वर वर जातं. तो गेला की संपलं. खाली उरलेली पानं आपापलं आयुष्य पुरं होईपर्यंत हिरवी राहतात, एवढंच. बघणाऱ्याला वाटतं झाड ठीक आहे. मला ते ठीक नाही हे माहीत होतं आणि महिनोन्‌महिने ते हिरवं दिसणार होतं, हेच मला जास्त लागलं.

हा भेर्ली माड मी लावलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी कुंपणाच्या चिऱ्यांच्या फटीशी दोन बोटांएवढं एक पान दिसलं, माशाच्या शेपटीसारखं, कडा कुरतडल्यासारख्या. मला वाटलं किडीने खाल्लंय. मग दुसरं आलं, तेही तसंच, आणि ओळख पटली. उदमांजर ही फळं खातं आणि बिया कुठेतरी टाकून जातं. आमच्या कुंपणावरून त्याची रोजची वाट आहे, रात्री कौलं वाजतात त्यावरून कळतं. म्हणजे त्याने लावलेला हा माड. मी नुसतं आळं केलं आणि बाजूचं रान काढत राहिले. पामांच्या सगळ्या गोतावळ्यात दुहेरी विभागलेलं पान फक्त याच्या कुळाचं. एकेक पान म्हणजे एक मोठी डहाळीच, आणि वारा आला की मासळीचा अख्खा थवा एका अंगावर वळावा तशी ती वळते. लहानपणी लग्नाच्या मांडवाच्या कमानीला हीच पानं बांधलेली पाहिली होती. ती विकत आणायची नसतात, कुणाच्या तरी बागेतून मागून आणायची असतात, असं आई म्हणायची.

आईचं आणि माझ्या बागेचं पहिल्यापासून पटलं नाही.

फोंड्याजवळ आम्ही घर बांधलं तेव्हा सभोवती नुसता जांभा होता. खणायला पहार मारली की ठिणगी उडायची. मला बाग हवी होती ती पामांची. कुठल्याशा हॉटेलच्या आवारात पाहिलेली, हिरव्यागार पंखांची, पानाआड पान, खाली ओली सावली. नर्सरीत गेले तर सगळी नावं नवी. फॉक्सटेल, बॉटल, बिस्मार्क, लिपस्टिक. ज्याला सगळे पाम म्हणतात तो सायकस पामच नव्हे आणि ट्रॅव्हलर्स पामही पाम नव्हे, हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकेक रोप आणताना त्याचं मूळ गाव कुठलं हे मी वाचू लागले आणि मला त्याचं वेड लागलं. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या एका टोकाचा, केप मेलव्हिलच्या मोठमोठ्या काळ्या शिळांमधला. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते १९८३ साली, आणि त्या नावात वोडयेती या तिथल्या मूळ रहिवाशाचं नाव आहे, कारण त्या मुलखाची पिढीजात माहिती असलेला तो शेवटचा माणूस होता. बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या बेटाचा. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी रोपं खाऊन टाकली आणि रानात मोजकीच झाडं उरली. आमच्या फाटकाशी पोट फुगवून उभं असलेलं झाड आपल्या घरी जवळजवळ संपलेलं आहे, हे कळल्यापासून मी त्याच्याशेजारून जाताना जरा हळू चालते.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. लिपस्टिक पाम मी तीनदा आणला. त्याचं लालभडक देठ पाहून कुणाचाही जीव जाईल, पण तो मलेशिया-बोर्निओच्या दलदलीतला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मग नोव्हेंबर ते मे जवळजवळ थेंब नाही. जांभ्यात पाणी थांबतच नाही. मार्चमध्ये त्याची पानं टोकांपासून तांबूस होत, कागदासारखी वाजत, आणि एप्रिलला मी ते रोप उपटून टाकत असे. तिसऱ्यांदा मी ते टबात लावलं आणि खाली पाण्याचं तसराळं ठेवलं. तो एक अजून आहे. बिस्मार्क पाम उलट. मादागास्करच्या कोरड्या माळावरचा, रुपेरी निळसर पानांचा, आमचा उन्हाळा त्याला आवडतो. पण पहिलं झाड मी एका जागी लावून दोन वर्षांनी हलवलं, कारण ते खिडकीसमोर आलं होतं. मुळं दुखावलेली त्याला सोसत नाहीत. तीन महिन्यांत गेलं. दुसरं जिथे लावलं तिथेच आहे, आणि खिडकीसमोरच आहे.

आई त्या वेळी आमच्याकडेच होती. सकाळी खुर्ची टाकून बसायची आणि बघायची. माझ्या पामांविषयी ती वाईट कधी बोलली नाही. पण माणसाचं नाव विचारावं तसं एकेकाचं नाव विचारायची, आणि मग, "खायला काय ह्याचं?" काहीच नाही म्हटलं की मान हलवून गप्प बसायची. तिचं माहेर सावईवेऱ्याचं. कुळागरात वाढलेली बाई. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, त्याखाली वेलची, आळू, आणि मधून पाटाचं पाणी वाहतंय. दुपारी बारा वाजताही तिथे खाली कवडसेच पडत. आम्ही मुलं पोफळीच्या पडलेल्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडावर, बसून एकमेकांना ओढत पाटापर्यंत जायचो, चड्ड्यांना चिखल लागायचा आणि नाकात कच्च्या सुपारीचा तुरट वास भरून राहायचा. मला हवी असलेली हिरवी, ओली, पानाआड पान असलेली बाग ती हीच होती, हे मला घर बांधून आठ वर्षं झाल्यावर कळलं. तोवर माझा रुंद पानांचा लिक्युआला उन्हात करपून दोनदा जायचा राहिला होता. आई म्हणाली, "अगो, ह्याला आधी सावली दे. आधी वरचं लाव, मग खालचं लाव." मग मी पोफळी लावल्या, नऊ-नऊ फुटांवर, आणि दोन माड. लिक्युआला आज त्या पोफळींच्या मधे ताटाएवढी पानं पसरून बसलाय.

माडांचे खड्डे तिनेच करवून घेतले. हात-दीड हात खोल, पुढे पहार चालेना. तेव्हा तळाला दोन किलो जाडं मीठ ओतायला लावलं आणि सहा महिने तसंच ठेवलं. मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. पण मिठाने जांभा मऊ पडतो, ही गोष्ट आज नारळाच्या शास्त्रातही सांगतात, आणि माडाला खारं चालतं हे तर किनाऱ्यावर बघून कुणालाही कळावं. पावसाआधी पुन्हा खणलं तेव्हा माती ओल्या गुळासारखी निघाली. खड्ड्यात नारळाची सोडणं रचली, पाणी धरून ठेवतात म्हणून, आणि वर बाणवलीची रोपं. बाणवली म्हणजे आपल्या बाणावलीचं नाव घेऊन सगळ्या कोकणात गेलेली जात. चुलीची राख तर ती रोज माडांना द्यायची. मी राख बघितली की टोपलीत भरायचे, आई ती उचलून आळ्यात टाकायची.

त्या राखेचं मर्म मला उशिरा समजलं. माझ्या फॉक्सटेलची खालची पानं पिवळी पडत, टोकांना जळत, आणि मला ते बघवत नसे. मी ती कापायचे. कापली की महिन्याभरात त्याच्या वरचं पान पिवळं. पुन्हा कापायचे. माझ्या हातून ते झाड झाडूसारखं होत चाललं होतं. खरं असं की पामाला पालाश, म्हणजे राखेत असतं ते पोटॅश, फार लागतं. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र सांगतात तर पालाश १२०० ग्रॅम. आमच्या तांबड्या मातीतून पावसाळा ते धुऊन नेतो. मग झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं. पिवळं पान म्हणजे रिकामी होत चाललेली कोठी, आणि मी ती कोठीच तोडून टाकत होते, म्हणून त्याला पुढची उघडावी लागत होती. आता मी पान पुरं तपकिरी होऊन लोंबेपर्यंत हात लावत नाही. पाहुणे म्हणतात जरा साफ करून घ्या ना. मी हो म्हणते आणि करत नाही.

शेंड्याची काळजी मात्र रोजची. गेंड्या भुंगा न उघडलेल्या कोंबातच शिरतो. तेव्हा काही दिसत नाही. महिन्याने पान उघडतं ते कात्रीने तिरकं कापल्यासारखं, घडी घातलेल्या कागदाला पोरांनी नक्षी कापावी तसं, आणि तेव्हा कळतं की तो येऊन गेला. आमच्याच शेणखताच्या ढिगात तो वाढत होता, हे कळलं तेव्हा मी ढीगच हलवला. पानांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवते, दर पंधरा दिवसांनी. शिडीवर चढून वरून बघितलेला माडाचा कोंब फार सुंदर असतो. भाल्यासारखा सरळ, मेणासारखा गुळगुळीत, बुडाशी जवळजवळ पांढरा. त्याला हात लावला की आत थंड असतं, भर एप्रिलमध्येही.

आणि एक अक्षर आहे, त्याच्याकडे माझं मन त्या रात्री पुन्हा पुन्हा जात होतं.

आजोळच्या कुळागरात पाटाच्या काठी एक माड होता. मी नऊ वर्षांची असताना आजोबांचा कोयता चोरून घेऊन त्याच्यावर माझ्या नावाचा ग कोरला होता. दोनच रेघा नि एक गाठ, सोपं अक्षर. आजोबांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी डांबर आणून काडीने त्या रेघांत भरलं, कारण उघड्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या माड आतून पोखरतात. डांबर भरता भरता म्हणाले, "आंब्याला केलं असतंस तर त्याने साल ओढून घेतली असती. ह्याला ओढून घ्यायला काही नाही." गेल्या वर्षी एका लग्नाला तिकडे गेले होते तेव्हा मुद्दाम मागे जाऊन बघितलं. माड अजून आहे, उंच गेलाय, वर मान करून बघावं लागतं. ग तिथेच. तेव्हा माझ्या खांद्याशी होता, आता कमरेशी आहे. आंब्याच्या खोडावरची अक्षरं खोडाबरोबर फाकतात, वर गाठी येतात, पुढे वाचता येत नाहीत. माडाचं खोड एकदा झालं ते झालं, फारसं जाड होत नाही, म्हणून माझा ग बोटाएवढाच आहे. कडा तशाच धारदार. मी त्यात बोट फिरवलं. नऊ वर्षांच्या माझ्या हाताची दुसरी रेघ किंचित घसरलेली होती, तीसुद्धा तशीच.

त्याच्यावर वर वर पडलेल्या झावळ्यांच्या खुणा मोजता येतात. माड साधारण महिन्याला एक झावळी काढतो, म्हणजे बारा खुणांचं एक वर्ष. मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि जेवायला बोलावणं आलं.

माड म्हणजे झाड की नाही, हा वाद २०१६ साली इथे झाला तेव्हा आई होती. गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड काढला गेला होता. फांद्या नाहीत, म्हणून झाड नव्हे, असं त्यावर बोललं जात होतं. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने बघितलं तर ते अगदीच खोटं नाही. तो गवताच्या अंगाचाच. पण त्या व्याख्येत बसला नाही की परवानगीशिवाय तोडता येत होता, हा खरा मुद्दा होता, आणि लोक रस्त्यावर आले. आई बातम्या ऐकून म्हणाली, "झाड नाही तर नाही. झाडापेक्षा जपावं लागतं त्याला, एवढं लिहा म्हणावं." पुढच्या वर्षी तो पुन्हा यादीत आला. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. तिच्या बाराव्याला जे नारळ फोडले ते तिने लावलेल्या बाणवलीचे पहिले नारळ होते.

भेर्ली माडाचं मरणही वेगळं असतं. तो फुलतो तो एकदाच, आणि वरून खाली. सगळ्यात वरच्या पानाच्या बगलेत पहिला तुरा येतो, जटांसारखा लोंबणारा. मग त्याखालच्या बगलेत, मग त्याखालच्या. असं कित्येक वर्षं चालतं. शेवटचा तुरा तळाशी येऊन त्याची फळं पिकली की झाड उभ्याउभ्या सुकतं. माझ्या माडाचं ते वय जवळ आलं होतं. म्हणजे तो तसाही जाणारच होता. अनेकांनी मला हे समजूत म्हणून सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण मला त्याचा पहिला तुरा बघायचा होता. दर पावसाळ्यानंतर मी वरच्या बगलेत डोळे लावून बसायचे. उदमांजराने कुणाकडून तरी आणलेलं बी, त्याची फळं पुन्हा त्याच वाटेवर पिकली असती.

जून, जुलै गेले. त्याची सात पानं राहिली होती, पावसात ती इतकी हिरवी झाली की मलाच शंका आली. वर कापलेल्या जागी पाणी साचून काळं पडलं. गणपती येऊन गेले. ऑक्टोबरमध्ये एक पान गेलं, नोव्हेंबरमध्ये दोन. चार राहिली. ह्यांनी विचारलं, काढून टाकायचा का. मी नको म्हटलं.

डिसेंबरात तो पोरगा नारळ पाडायला आला. नेहमीसारखा कमरेला कोयता, हातात दोर. माडाकडे जाता जाता कोपऱ्याशी थांबला आणि वर बघत राहिला. "नहीं फुटा," तो म्हणाला. मी नुसती मान हलवली. मग त्याला जवळ बोलावून फॉक्सटेलचा कोंब दाखवला, बॉटलचा दाखवला, आणि सांगितलं की यांना हा एकच. त्याने दोर खाली ठेवला. बिस्मार्कपाशी जाऊन त्या रुपेरी पानांमधल्या कोंबाला एका बोटाने शिवला. "इसका भी एक?" इसका भी. पोफळीपाशी गेला. "सुपारी का?" त्याचाही एकच. माडांकडे वर हात करून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी एक बोट दाखवलं. असं करत करत तो पायरीशी आला, जिथे मादागास्करचा तो पिवळ्या देठांचा अरेका पाम झुबक्याने वाढतो, आणि खाली वाकून बुडाशी आलेले कोवळे कोंब मोजू लागला. सात, आठ, नऊ. "इसके तो बहुत हैं."

"हो, ह्याचे खूप."

"ये अपने साल जैसा है," तो म्हणाला, आणि दोर उचलून माडाकडे गेला.